भिंतीला कुठला रंग द्यायचा? सांगलीतल्या रंगाच्या दुकानातून चार पायऱ्या पुढे

दुकानात शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचं कार्ड, उघडलं की साधारण पाचव्या मिनिटाला नवरा-बायकोचं वाजतं. सासूबाई सोबत असतील तर तिसऱ्याच. मग कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "ताई, ह्या फोटोतला रंग द्या." फोटोत भिंतभर काचेची खिडकी, खाली पांढरीशुभ्र फरशी, कोपऱ्यात एक कुंडी. मी विचारते, "तुमच्याकडं फरशी कुठली आहे?" समोरचे एकमेकांकडं बघतात. रंग घ्यायला आलोय, फरशीचं हिला काय पडलंय, हे तोंडावर स्पष्ट दिसतं.

मला फरशीचंच पडलेलं असतं. लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा रंगातलं माझं ज्ञान चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षेपुरतं होतं. रंगचक्र काढायचं, उष्ण रंगसंगती, शीत रंगसंगती, आणि ओल्या कागदावर ओला रंग देऊन कागदाचा लगदा करायचा. आता बारा वर्षं सासऱ्यांच्या दुकानात रंग मिसळायच्या टिंटिंग मशीनसमोर बसते. शाळेतलं रंगचक्र खोटं नव्हतं, पण ते कागदावरचं होतं. भिंतीला खिडकी असते, खाली फरशी असते, वर ट्यूब असते, आणि सांगलीत भिंतीच्या पोटात ओलही असते. हे सगळं बघून झाल्यावर रंगाची पाळी येते. म्हणून खालच्या क्रमात शेड कार्ड बऱ्याच उशिरा उघडतं. तोवर ते कपाटात राहू द्या.

आधी जे बदलणार नाही ते बघा

घरातला सगळ्यात मोठा रंगाचा तुकडा म्हणजे जमीन. ती आपण पुन्हा पुन्हा बदलत नाही. त्यानंतर दारं, खिडक्यांच्या चौकटी, स्वयंपाकघरातला ओटा, कपाटांचा सनमायका आणि सोफा. ह्यातलं जे पुढची दहा वर्षं राहणार आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याचा रंग लिहा. "क्रीम" किंवा "ग्रे" लिहून भागत नाही. क्रीम कुठल्या बाजूला झुकलेलं आहे, पिवळ्या की गुलाबी? राखाडी निळ्याकडं जाते की हिरव्याकडं?

हा झुकाव नुसत्या डोळ्यांना लगेच कळत नाही. एक कोरा पांढरा कागद फरशीवर ठेवा आणि दोन पावलं मागं या. कागदाशेजारी फरशीचं गुपित बाहेर येतं. शहाबादी फरशी निळसर राखाडी असते, कोटा हिरवट. ज्या टाइलला दुकानदार "आयव्हरी" म्हणाला ती बहुतेक वेळा पिवळी निघते, कधीकधी चक्क गुलाबी. सागवानी दार पॉलिश केलेलं असेल तर ते नारिंगी-तपकिरी, म्हणजे उष्ण रंगाचा भला मोठा तुकडा. ओटा कडप्प्याचा असेल तर काळा. त्याची काळजी नको, तो कुणाशीही पटवून घेतो.

फरशीचा झुकाव आणि भिंतीचा झुकाव एकाच कुळातला ठेवला तर नवख्या माणसाची निम्मी चूक टळते. पिवळट फरशीवर गुलाबी झाक असलेली ऑफ-व्हाइट भिंत आली की दोन्ही मळकट दिसतात. घरधनी रंगाला नाव ठेवतो, पेंटर डब्याला ठेवतो.

मग उजेड

घरात कुठल्या खोलीला कुठल्या दिशेनं खिडकी आहे हे कागदावर काढा. नेटवरचे बरेच लेख "उत्तरेची खोली थंड, तिला उष्ण रंग द्या" असं सांगतात. ते लेख लिहिणारे विषुववृत्तापासून बरेच वर राहतात, तिथं सूर्य कायम दक्षिणेला कललेला. सांगली साधारण १७ अंश उत्तरेला आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेकडूनच जातो. त्यामुळं आपल्याकडची उत्तरेची खोली उजेडाला शांत आणि सारखी असते, पण गारठलेली नसते. तिथं निळा-हिरवाही चालून जातो.

आपली खरी अडचण पश्चिमेची खोली. एप्रिल-मेमध्ये चारनंतर त्या भिंतीवर जे नारिंगी ऊन पडतं त्यात पीच किंवा आंबा रंग असला तर खोली शेकोटीसारखी दिसते. पंख्याचा वारा तोच, पण तिथं बसवत नाही. पश्चिमेला भडकपणा कमी केलेले थंड रंग द्यावेत, फिका समुद्री हिरवा किंवा राखाडीत बुडवलेला निळा. पूर्वेला सकाळी उजेड उबदार आणि दुपारनंतर सावली, म्हणून तिथं किंचित पिवळ्याकडं झुकणारा रंग दिवसभर बरा वाटतो.

बाहेर काय आहे तेही बघा. समोर झाड असेल तर पानांवरून आलेला उजेड हिरवट असतो. शेजारची इमारत विटकरी रंगाची असेल तर ती तुमच्या भिंतीला ताप चढवते. माझी नणंद साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहते. शहर किल्ल्याच्या उत्तर अंगाला, त्यामुळं हिवाळ्यात डोंगराची सावली तिच्या अंगणातून लवकर हलत नाही. माझ्या हॉलमधला फिका राखाडी तिला आवडला म्हणून तिनं त्याच शेडचा कोड नेला. तिच्याकडं तो शिळ्या भातासारखा दिसला. कोड तोच, डबा त्याच कंपनीचा, फक्त उजेड वेगळा.

दिवे आधी ठरवा, रंग नंतर. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडं बऱ्याच घरांत ६५००ची पट्टी असते, कारण "लख्ख पडतो". त्या उजेडात पिवळे रंग हिरवट आणि निर्जीव होतात, निळे मात्र खुलतात. पिवळ्या दिव्यात ह्याच्या उलट. आमच्या दुकानातही ६५००च्याच ट्यूब आहेत, म्हणून मी गिऱ्हाइकाला कार्ड घेऊन बाहेर रस्त्यावर पाठवते.

रंगाच्या तीन बाजू, हळदीच्या भाषेत

लोक रंगाबद्दल बोलताना नाव सांगतात: निळा, हिरवा, पिवळा. नावानं रंग ठरत नाही. अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकी चित्रकार-शिक्षकानं १९०५ च्या सुमारास रंग मोजायची एक पद्धत मांडली. प्रत्येक रंगाला तीन बाजू: त्याचं नाव, त्याचा उजळपणा आणि त्याचा भडकपणा. सांगलीत हे हळदीवरून पटकन कळतं.

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेलात तर शेजारशेजारच्या पोत्यांत एकाच पिवळ्याची वेगवेगळी रूपं दिसतील. फोडलेलं हळकुंड आतून जवळजवळ केशरी असतं. त्याची पूड पिवळी. पूड दुधात टाकली की फिकी. नाव प्रत्येक वेळी पिवळंच. दुधात गेल्यावर उजळपणा वाढला. आता पुडीत चिमूटभर राख मिसळली अशी कल्पना करा. पिवळं पिवळंच राहील, पण त्याचा तोरा उतरेल. हा भडकपणा कमी झाला. घराच्या भिंतीसाठी नव्वद टक्के काम ह्या राखेच्या चिमटीनं होतं.

नवख्या माणसाची नेहमीची चूक इथंच असते. त्याला पिवळा आवडतो, भडक वाटला तर तो "थोडा फिका द्या" म्हणतो. म्हणजे उजळपणा वाढवतो, भडकपणाला हात लावत नाही. मग भिंत लिंबाच्या गोळीसारखी दिसते. त्याला हवा असतो तो राख मिसळलेला पिवळा, जुन्या वाड्यातल्या पिवळ्या मातीच्या भिंतीचा. दुकानात "फिका" म्हणायच्या ऐवजी "दबलेला" म्हणा. मशीनवर बसणाऱ्याला बरोबर कळतं.

तिन्हींतली सगळ्यात कामाची बाजू उजळपणा. खोली मोठी दिसते की लहान, छत खाली आल्यासारखं वाटतं की नाही, दार भिंतीत हरवतं की उठून दिसतं, हे सगळं उजळपणावर चालतं. निळा की हिरवा ह्यावर फार कमी. बऱ्याच कंपन्यांच्या कार्डावर किंवा वेबसाइटवर प्रत्येक शेडसमोर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० ते १००. भिंत पडलेल्या उजेडातला किती परत फेकते, त्याचा तो आकडा. एकच खिडकी असलेल्या दहा-बाय-दहाच्या खोलीला मी ६० च्या खालची शेड सहसा देत नाही. आकडा सापडला नाही तर मोबाइलनं कार्डाचा फोटो काढून काळा-पांढरा करा. कार्डावर वेगळ्या वाटलेल्या दोन शेड काळ्या-पांढऱ्यात एकसारख्या दिसल्या तर लांबून त्या एकमेकींत मिसळणार. एक भिंत उठून दिसावी म्हणून वेगळी केली आणि ती उठलीच नाही, ह्या तक्रारीमागं बहुतेक वेळा हेच असतं.

घरात म्हातारी माणसं असतील तर हे आणखी मनावर घ्या. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. निळा-हिरवा, निळा-काळा हे फरक पुसट होतात, पण उजळ-गडद फरक कळतो. संडासाच्या दाराची चौकट आणि स्विचबोर्ड भिंतीपेक्षा चांगले गडद किंवा चांगले उजळ ठेवा. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विच चाचपडणारी आजी मी माझ्याच घरात बघितली आहे.

आमच्या हॉलचा जांभळा

आता माझी फजिती. नवीन घर केलं तेव्हा दुकानात बसून मी ऐटीत एक राखाडी निवडला. स्वच्छ, ना निळा ना पिवळा. दुसरा हात वाळला आणि संध्याकाळी जाऊबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "अगं, जांभळा कशाला मारलास?" मी उसळले. मग बघितलं. हॉल खरंच जांभळट होता. पेंटरमामांना बोलावलं, डबा उघडला, कार्डाशी ताडून बघितलं. डबा बरोबर होता.

हे कोडं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एकाला पडलं होतं. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ. १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ विणकारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. तिथं तक्रार होती की काळं सूत गालिच्यात नीट काळं दिसत नाही, रंगच कच्चा आहे. शेव्हरलनं सूत तपासलं. रंग पक्का होता. काळ्याच्या शेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्या काळ्याला फिकं करत होते. १८३९ मध्ये त्यानं त्याचा नियम मांडला: शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरोधी रंगाकडं ढकलतात.

विरोधी म्हणजे रंगचक्रात समोरासमोरचा: पिवळ्याच्या समोर जांभळा. माझी फरशी पिवळट आयव्हरी, दार सागवानी, वर संध्याकाळी पिवळे दिवे. तिघांनी मिळून त्या गरीब राखाडीला जांभळ्याच्या अंगावर ढकललं. दुकानात शेजारी पिवळं काहीच नव्हतं, म्हणून तो सभ्य दिसला. उपाय काय केला? त्याच राखाडीत चिमूटभर पिवळा ऑक्साइड घालून पुन्हा हात मारला. आता जाऊबाई त्याला "तो ग्रे" म्हणतात. डब्यात बघितलात तर तो चक्क मातकट आहे.

आपल्या आज्यांना हे शेव्हरलशिवाय माहीत होतं. चुन्याच्या सफेदीत त्या नीळ घालायच्या. चुना वाळला की किंचित पिवळट दिसतो, पिवळ्यावर निळ्याची पुसट झाक पडली की डोळ्याला पांढरा जास्त पांढरा भासतो. धोतराला नीळ द्यायची ती ह्याच कारणानं. नीळ जास्त पडली की घर आकाशी; गावाकडं अशा बऱ्याच आकाशी भिंती दिसतात, त्या सगळ्या हौसेच्या नसाव्यात.

जोडी जमवताना

आता कपाटातून कार्ड काढा. पण दहा शेडवर खुणा करू नका.

एका घरात तीन रंग पुरतात. एक सगळ्या खोल्यांतून वाहणारा, शांत. दुसरा त्याला आधार देणारा. तिसरा थोडासाच, पण बोलका. बाहेरचे डिझाइनवाले ह्याला साठ-तीस-दहाचं प्रमाण म्हणतात. मी गिऱ्हाइकाला इरकली लुगडं आठवायला सांगते. अंगभर एक गडद रंग, त्याला काठ आणि टोकाला लाल पदर. पदराचा लाल अंगभर पसरला असता तर त्याची शान गेली असती. बोलका रंग मोजून मापून: एक भिंत, किंवा नुसते पडदे-उश्या. उशी बदलणं भिंत बदलण्यापेक्षा फार स्वस्त.

जोडी जमवायच्या तीन सोप्या वाटा आहेत. पहिली, एकाच रंगाचे उजळ-गडद भाऊ. कार्डाच्या एकाच पट्टीवरून वर-खाली जायचं. बिघडण्याची भीती जवळजवळ नाही, कधीकधी कंटाळवाणं होतं. दुसरी, चक्रात शेजारी असलेले रंग. हळदीचा दबलेला पिवळा आणि आपल्या तासगावकडच्या बेदाण्याचा पिवळट हिरवा. हे दोघं इतके गुण्यागोविंदानं नांदतात की मला सांगलीच्या घरासाठी दुसरं काही सुचतच नाही. तिसरी वाट विरोधी रंगांची: निळा-नारिंगी, लाल-हिरवा. ही सगळ्यात देखणी आणि सगळ्यात फसवी. दोन्ही भडक घेतले तर भिंती भांडतात. एक मोठा आणि दबलेला, दुसरा छोटा आणि भडक, असंच घ्या. राखाडी-निळी भिंत आणि सागवानी दार, ही खरं तर विरोधी जोडीच आहे. दार तुमच्याकडं आधीपासूनच आहे, निम्मं काम झालेलं.

गेरू आणि पिवळ्या मातीबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्या मशीनच्या नळ्यांत लाल ऑक्साइड आणि पिवळा ऑक्साइड असतो. हे गेरूचे आणि पिवळ्या मातीचे कारखान्यातले भाऊबंद, सगळी लोखंडाची ऑक्साइडं. ती उन्हात विटत नाहीत आणि चुन्या-सिमेंटला घाबरत नाहीत. मातीच्या कुळातले रंग टिकतात म्हणून जुने लोक ते वापरायचे, आणि आजही उन्हाच्या भिंतीला मी तेच सुचवते. झगझगीत पिवळा, नारिंगी, लाल ह्यांचं उलट आहे. ते खालचं झाकत नाहीत. दोन हातांत काम भागेल असं पेंटरनं कबूल केलं असलं तरी तिसरा, कधी चौथा हात लागतो. हिशेबात तो आधीच धरा.

वास्तूवाले दिशेला रंग नेमून देतात. ह्या वादात मी पडत नाही. आग्नेयेला लाल सांगितला असेल तर लालाचा भडकपणा उतरवून विटकरी करा, उजळपणा वाढवून पीच करा. नाव लालच राहतं, घरात शांतता राहते.

नमुना भिंतीवर लावू नका

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग मला फोन करतात. कार्डावरचा तुकडा नखाएवढा. चार भिंतींना तोच रंग दिला की एका भिंतीवरून उजेड दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, आणि प्रत्येक उडीत रंग चढत जातो. म्हणून खोलीत रंग कार्डापेक्षा गडद आणि भडक वाटतो. दोन शेडमध्ये अडकला असाल तर मनात भरलेल्या शेडच्या एक पायरी उजळ, जास्त दबलेली घ्या.

काही कंपन्या छोटा नमुना डबा देतात. तो घ्या, पण जुन्या रंगाच्या भिंतीवर फासू नका. जुना रंग शेजारी आला की पुन्हा शेव्हरलचं भूत. दोन-बाय-दोन फुटांचा जाड पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड आणा, त्याला पांढरा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), वर दोन हात रंग. पूर्ण वाळू द्या. इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकं आणि वाळल्यावर गडद दिसतं, घाईत निर्णय घेऊ नका. मग पुठ्ठा उभाच ठेवा, भिंतीला टेकून, एक कडा फरशीला चिकटवून. आडवा ठेवला तर त्यावर वरचा उजेड पडतो आणि तो खोटं बोलतो. खिडकीशेजारी, खिडकीसमोर आणि कोपऱ्यात, तिन्ही ठिकाणी सकाळ, दुपार आणि दिवे लागल्यावर बघा. एक दिवस ढगाळ मिळाला तर उत्तम. संध्याकाळचं मत जास्त धरा, कारण घरात माणसं तेव्हाच असतात.

खोल्यांचं थोडंसं

छत पांढरं ठेवा. लांबट बोळासारखा हॉल असेल तर टोकाची आखूड भिंत दोन पायऱ्या गडद करा, ती जवळ येते आणि खोली चौकोनी वाटते. झोपायच्या खोलीत भडकपणा सगळ्यात कमी. मुलांच्या खोलीत मुलांना विचारा, पण त्यांनी सांगितलेला रंग एका भिंतीपुरताच.

स्वयंपाकघराबद्दल मात्र माझं ठाम मत आहे: शुभ्र पांढरा देऊ नका. रोजची फोडणी, हळदीचा हात, पापड तळणं. शुभ्र भिंत सहा महिन्यांत शेगडीच्या वर पिवळी पडते आणि बाकी पांढरी राहते, म्हणजे डाग उठून दिसतो. मुळातच किंचित पिवळट भिंत तो डाग पोटात घेते. इथं फिनिश सॅटिन, म्हणजे किंचित चकाकीचं, घ्या, पुसता येतं. हॉलमध्ये मॅट, बिनचकाकीचं. चकाकी असलेला रंग जास्त गडद आणि तजेलदार दिसतो हे खरं, पण खिडकीचा उजेड तिरपा पडला की गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. गवंड्यावर फार भरवसा असेल तरच चकाकी.

रंगाआधी भिंत

हे उशिरा लिहितेय, करायचं मात्र पहिल्यांदा. गेल्या वर्षी एका नव्या घरी पुट्टी भरून झाली होती आणि घरात हळदीचा कार्यक्रम. एका पोरानं हळदीचा हात कोऱ्या पुट्टीवर उमटवला. तासाभरात पंजा लालसर. घरातल्या बायका दचकल्या. दचकण्यासारखं काही नव्हतं: हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं, ओवाळायच्या ताटातलं लाल पाणी आपण तसंच करतो. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणि नवा गिलावा हे चुन्याचेच भाऊ, तितकेच दाहक. त्या पोराच्या पंजानं सांगितलं की भिंत अजून कच्ची आहे. अशा भिंतीवर रंग दिला तर काही रंगद्रव्यं विटतात, रंगाचे पोपडे निघतात. नव्या गिलाव्याला निदान महिनाभर द्या, आणि प्रायमर सिमेंटला टिकणारा घ्या.

दुसरी गोष्ट ओल. सांगलीच्या जुन्या गावभागात आणि नदीकाठच्या वस्तीत २००५, २०१९, २०२१ असं पुराचं पाणी बघितलेल्या भिंती आहेत. वरून कोरड्या दिसतात, हात लावला तर गार. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, तोच लोणा. एक फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा, रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर रंगाचं नाव काढू नका. पेंटर म्हणेल, "वहिनी, ऑइल पेंट मारतो, काय होत न्हाई." होतं. ओल आत कोंडली जाते आणि पावसाळ्यानंतर पापडासारखे पदर सुटतात. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. विटा-मातीच्या जुन्या भिंतीला अजूनही चुना चांगला, तिला श्वास घेता येतो. अशा घरात खालचे तीन-चार फूट वेगळा, गडद मातकट पट्टा करायची जुनी रीत आहे. दर दोन वर्षांनी तेवढाच पट्टा पुन्हा रंगवता येतो, सगळी भिंत नाही.

जुना रंग खरवडताना लहान मुलांना घरात ठेवू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या धुरळ्यात काय असेल सांगता येत नाही. ओलं करून घासा, तोंडाला एन-९५ मास्क लावा.

मोजमाप आणि डबे

पेंटर ब्रासमध्ये बोलतो. १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दहा-बाय-बाराची, दहा फूट उंचीची खोली धरा. दहा अधिक बारा बावीस, दुप्पट चव्वेचाळीस, गुणिले उंची: ४४० चौरस फूट. त्यातून तीन-बाय-सातचं एक दार आणि चार-बाय-चारच्या दोन खिडक्या, म्हणजे ५३, वजा. उरले ३८७, जवळजवळ चार ब्रास. छत १२० वेगळं. एका लिटरात किती चौरस फूट होतं हे डब्यावर छापलेलं असतं. ते एका हाताचं की दोन हातांचं, तेवढं नीट वाचा. दार-खिडकी वजा करायची की नाही हे पेंटरशी कामाआधी बोला, नंतर बोललात तर वजा होत नाही.

एका खोलीचे सगळे डबे एकाच दिवशी, एकाच मशीनवर करून घ्या. तरी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, कारण दोन डब्यांत केसाएवढा फरक असतोच आणि तो बरोबर भिंतीच्या मध्यावर येतो. क्रम असा: आधी छत, मग भिंती, शेवटी दारं. दोन हातांमध्ये पेंटरला चहा पाजा, घाई करू नका.

काम संपलं की झाकणावरच्या चिठ्ठीतला कोड, कंपनी, फिनिश आणि तारीख हे सगळं एका कागदावर लिहून वीजमीटरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत, घराच्या सावलीत. पुढच्या दिवाळीला कुणीतरी सोफा सरकवताना भिंत खरवडणार आहे, आणि माझ्याकडं येऊन म्हणणार आहे, "ताई, तो मागच्या वर्षीचा जरा पिवळट, नाही जरा क्रीम, तो द्या ना."